दिवेलागणीला बंद पडणारा डबा

परशरामअण्णांच्या दाराला त्या दिवशी कुलूप नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. अण्णा घरादाराला घेऊन कणकुंबीला पाहुण्यांकडे जेवायला गेले होते आणि जाताना नीलमला एक फोन करायचं अगदी सोयीस्करपणे विसरले होते. बेळगावच्या वडगावातल्या त्या बोळात, श्रावणाच्या भुरभुर पावसात, खांद्यावर बॅग आणि हातात एक पांढरा डबा सांभाळत नीलम त्या कुलपाकडे बघत उभी राहिली. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. तिने हाक मारली असती, तर ती तिची तिलाच ऐकू आली नसती.

"बघून कुलूप उघडत न्हाय ओ मॅडम."

खडखडाटावरून आवाज चढवून बोलणारा एक उंच, सावळा तरुण शेजारच्या दारात उभा होता. केसांत सुताचं पांढरं तूस अडकलेलं, त्यामुळे ऐन उमेदीत म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. हसला तेव्हा मात्र एकदम कॉलेजातला वाटला.

"अण्णा, हा डबा आजच बसवायचाय. तुमच्या घरी जागा मिळेल?"

"जागा हाय की. पण एक अट हाय."

"कसली?"

"गल्लीतल्या सगळ्यांस्नी अण्णा म्हणा… मला तेवढं सोडून."

नीलमने पावसाचं निमित्त करून चष्मा पुसला. पुसून झाल्यावर परत एकदा पुसला. त्याचं नाव रविराज, हे तिला आत गेल्यावर कळलं.

नीलम निपाणीची. आजी तानीबाई जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबली, वडील बँकेत साहेब झाले आणि नीलम इंजिनियर होऊन टिळकवाडीतल्या एका छोट्या कंपनीत लागली. मागावर लहानशी डबी बसवायची. धागा तुटून माग थांबला की विणकराच्या फोनवर निरोप जायचा, असा कंपनीचा धंदा. दिवाळीपर्यंत ह्या एका गल्लीत चालवून बघायचं ठरलं होतं. जमलं तर नीलमची नोकरी बेळगावात पक्की होणार होती. नाही जमलं तर बेंगळूरूच्या ऑफिसात परत जायचं होतं. तिथे तिने आधी दोन वर्षं काढली होती. पगार बरा, खोली बरी, आणि संध्याकाळी बोलायला चिटपाखरू नाही. पुन्हा तिकडे जायचं तिच्या मनात नव्हतं.

मोठा डबा ठेवायला तिने माजघरातलं उंच लोखंडी कपाट निवडलं. तिथून मागाची शेड एका बाजूला, बोळ दुसऱ्या बाजूला. जागा झकास होती, निदान तिला तरी तसं वाटलं.

"आता ह्यो करतोय काय, ते सांगा," रविराज स्टूल धरून उभा होता.

"प्रत्येक मागावर एक डबी असणार. ती दर मिनिटाला ह्या डब्याला सांगत राहणार, मी आहे, माग चालू आहे. हा गल्लीतल्या सगळ्यांचं ऐकून घेणार आणि बेंगळूरूच्या कॉम्प्युटरला कळवणार. तिथून तुमच्या फोनवर निरोप येणार."

"म्हंजे माग माझ्या फुडं दोन हातांवर. आणि तो थांबलाय ह्ये मला सांगायला निरोप बेंगळूरूला जाऊन येणार?"

"हो."

"किती दिवसांत?"

"पापणी लवायच्या आत."

"मग ठीक हाय. मला वाटलं, धारवाडला बस बदलून येतोय."

नीलम स्टुलावरून पडता पडता राहिली. त्याने स्टूल आणखी घट्ट धरलं.

"आणि एखादी डबी बोललीच न्हाय, तर?"

"तर हा थोडी वाट बघतो. मग तिच्या नावापुढे लाल दिवा लावतो."

"का गप बसली, ते कळत न्हाय त्याला?"

"नाही. गप्प बसायचं कारण यंत्राला कळत नाही. ते माणसानं जाऊन बघायचं."

"माणूस म्हंजे तुम्ही?"

"म्हणजे मीच."

"मग काय हरकत न्हाय," रविराज म्हणाला आणि उगाचच कपाटावरची धूळ पुसायला लागला.

तेवढ्यात त्याची आई, अंबुबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग निपाणीतली गल्ली विचारली. असे प्रश्न एकामागून एक का येतात हे नीलमला लहानपणापासून माहीत होतं, आणि तिने लपवाछपवी कधी केली नव्हती. तिने सरळ सांगितलं. अंबुबाई आत गेल्या… आणि चहा घेऊन आल्या. नीलमची नजर सवयीने आधी कपावर गेली. रविराजच्या हातातल्या कपाचाच तो जोडीदार होता. चहात आलं जरा जास्तच होतं, पण तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

पहिला आठवडा सुखात गेला. मग एका संध्याकाळी, सातच्या सुमाराला, नीलमच्या फोनवर अख्खी गल्ली लाल झाली.

तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि गोवावेसच्या गर्दीतून वाट काढत वडगाव गाठलं. दारात स्कूटर लावून आत जाते तो काय, सगळे दिवे हिरवे! ताप चढलेलं पोर डॉक्टरच्या पायरीवर हसायला लागावं, तसला प्रकार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारभर डबा गुणी बाळासारखा काम करायचा आणि संध्याकाळी हटकून मुका व्हायचा. नीलमने वायर बदलली, सिम बदललं, शेवटी डबाच बदलला. नवाही तसलाच निघाला.

एक मात्र झालं. रोजच्या ह्या हेलपाट्यांत रविराजची आणि तिची गट्टी जमली. डबा तपासून झाला की तो तिला मागाजवळ नेई. तुटलेला धागा चिमटीत कसा धरायचा, पीळ कसा द्यायचा, हे दाखवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागत, आणि मग दोघंही धाग्याकडे फार लक्ष देऊन बघत. बाहेर पाऊस असला तर तो थांबेपर्यंत बसणं आलंच. पाऊस नसला तरी… येईल असं वाटत असे.

"उद्या पडंल का बंद?" तो विचारायचा.

"पडू नये असं मला वाटतं."

"पडंल ओ. मला खात्री हाय."

हे तो असं काही बोलायचा की टिळकवाडीला पोचेपर्यंत नीलम हेल्मेटच्या आत एकटीच हसत राहायची.

दसरा झाला. मागांना घातलेले झेंडूचे हार सुकले, आणि बेंगळूरूहून नीलमच्या साहेबांचा, केदारी सरांचा फोन आला.

"नीलम, त्या वेळी वीज गेलेली नसते. सिम नवं, डबा नवा. आणि अमावास्येला विणकरांचे माग बंद, त्या दिवशी हाच डबा दिवसभर ठणठणीत! हे बिघाडाचं लक्षण नाही. कुणीतरी हाताने करतंय. मी सोमवारी येतो. तेव्हाही बंद पडला तर सगळं सामान काढू आणि तू इकडे ये."

नीलमने फोन खाली ठेवला. तिच्या कानात एकच वाक्य घुमायला लागलं… मला खात्री हाय. मला खात्री हाय.

त्या दिवशी ती थेट मागाच्या शेडमध्ये गेली. रविराजने तिचा चेहरा बघितला आणि माग बंद केला.

"तुम्ही करता का हे?"

"काय?"

"डबा. रोज संध्याकाळी. मी यावं म्हणून?"

चेष्टा असेल अशा आशेने त्याचे ओठ जरा हलले, मग मिटले.

"बंद पडला की मला बरं वाटायचं. ह्ये खरं हाय," तो हळू म्हणाला. "पण मी हात लावला न्हाय."

"मग रोज खात्री कशी असायची तुम्हाला?"

"रोज पडायचा… म्हणून."

उत्तर इतकं साधं होतं की ते खरं असणार, हे तिला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण रागाला कुठे कान असतात! ऑफिसातली शुद्ध भाषा गळून पडली आणि निपाणी तोंडात आली. "माझी नोकरी चाललीया हितनं, आणि तुमास्नी गंमत सुचतीया व्हय? गल्लीतनं सगळं उचलून न्हेणार हाईत सोमवारी. मलापण!"

"तुम्हाला? कुठं?" तो एकदम पुढे आला.

ती उत्तर न देता निघाली. बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत तिचं सगळं लक्ष मागे होतं. त्याचा माग पुन्हा चालू झाल्याचा आवाज काही आला नाही.

रविवारी संध्याकाळी ती खोलीच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, तरी बघत होती. डबा रोज किती वाजता बंद पडला, त्याच्या खुणा श्रावणापासून एकाखाली एक लागल्या होत्या. श्रावणात सातच्या जवळपास. भाद्रपदात त्याच्या जरा आधी. दसऱ्यानंतर सहाच्या आसपास. रेष तिरकी तिरकी अलीकडे सरकत आली होती. असा कुठला बिघाड असतो?

समोर तिच्या घरमालकीण जयाबाई अंगण झाडत होत्या. केरसुणी भराभर चालली होती आणि तोंडही.

"दिवस लई ल्हान झाला बाई! झाडून होतंय न्हाय तवर दिवा लावायची येळ. आणि दिवा लागल्यावर कोण केर काढंल?"

नीलमने लॅपटॉपकडे बघितलं. जयाबाईंकडे बघितलं. परत लॅपटॉपकडे बघितलं. रविराज घड्याळावर चालणारा माणूस; साडीची ऑर्डर, मागाची पाळी, सगळं घड्याळावर. त्या घरात सूर्याकडे बघून काम करणारं एकच माणूस होतं!

दुसऱ्या दिवशी केदारी सर विमानतळावरून, सांबऱ्याहून, रात्रीच्या मुक्कामाला हॉटेलवर जाणार होते. त्याआधी संध्याकाळी वडगावला येतो म्हणाले होते. नीलम त्यांच्या बरीच आधी गेली. बोळाच्या तोंडाशीच स्कूटर लावली आणि चालत, पाय न वाजवता, माजघराच्या दारात उभी राहिली.

अंबुबाई स्वयंपाकघरातून आल्या. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात भाताचं ॲल्युमिनियमचं पातेलं. त्यांनी टाचा उंचावल्या आणि पातेलं डब्यावर पालथं घातलं, अंगणात निजलेल्या लेकराच्या तोंडावर पदर टाकावा इतक्या मायेने. मग शेड झाडायला लागल्या. सुताचं तूस ढगासारखं उठलं. थोड्या वेळाने नीलमच्या हातातल्या फोनवर एकेक करत सगळी गल्ली लाल झाली.

"मावशी!"

केरसुणी खाली पडली.

"अगं बाई… तू कवा आलीस? स्कूटर कशी वाजली न्हाय?"

"मावशी, ते पातेलं…"

"तूस उडतंय गं झाडताना. एवढं महागाचं यंत्र तुझं, आत तूस शिरलं म्हंजे?"

अमावास्येला माग बंद, तूस नाही, म्हणून पातेलंही नाही. एरवी मात्र खाली लोखंड, वर ॲल्युमिनियम! आत कोंडलेला डबा कितीही बोंबलला तरी बाहेर कोण ऐकणार? आणि त्याला लोखंडी कपाटावर बसवलं कुणी होतं? तिनेच, इंजिनियरीणबाईंनी. नीलमला हसू यायला लागलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, कारण ह्या सगळ्यात त्याचा हात कुठेच नव्हता. तो खरं बोलला होता. ह्या एका गोष्टीने तिला इतकं हलकं वाटलं की नोकरीची आठवण नंतर आली.

"पण मावशी, झाडून झाल्यावर तरी काढायचं! मी टिळकवाडीहून येईपर्यंत ते तसंच असायचं?"

अंबुबाई खाली पडलेली केरसुणी शोधायला लागल्या. ती त्यांच्या पायाशीच होती.

"पैल्यांदा लगीच काढायची," त्या पुटपुटल्या. "मग ध्यानात आलं… पातेलं ऱ्हायलं की तू येतीस. आणि तू यायची म्हटली की ह्यो दाढी करून बसतोय. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे जरा जास्त. तुझी स्कूटर वाजली की उचलायची आणि भात लावायचा."

"आई!"

शेडच्या दारात रविराज उभा होता. त्याचे कान पार लाल झाले होते.

"बोंबलू नगंस. हिची नोकरी जाईल ह्ये मला कुठं ठावं? कुणी सांगिटलं मला?" अंबुबाई पदराने डोळे टिपत नीलमकडे वळल्या. "तुझं घर-गाव मला पैल्या दिवशीच कळलंय, पोरी. तवा मनात काय आलं न्हाय असं न्हाय. खोटं कशाला बोलू? पर ह्येचा बाप गेल्यापास्नं ह्या घरात कोण मोठ्यानं हसलं नव्हतं. तू आलीस की दोघं खिदळताय, ते मी आत भाकऱ्या थापताना ऐकतीया. भाऊबंद बोलतील. त्येंस्नी मी बघून घेती. तू फक्त… यायचं बंद करू नगंस."

नीलमने पुढे होऊन डब्यावरचं ते पातेलं काढलं, खाली ठेवलं आणि अंबुबाईंना मिठी मारली. रविराज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

केदारी सर येईपर्यंत डबा समोरच्या लाकडी फळीवर गेला होता. सरांनी चहा घेतला, शेड झाडून झाली, देवापुढे दिवा लागला, बोळात अंधार पडला, आणि फोनवर एकही दिवा लाल झाला नाही. "काय होतं मग?" त्यांनी विचारलं. "जागा चुकली होती सर. माझीच," नीलम म्हणाली. पातेल्याचं नाव तिने काढलं नाही. सर हसले. जाता जाता म्हणाले, "दिवाळीनंतर शहापुरातल्या गल्ल्या घेऊ. तू बेळगावातच राहा." नीलमचा जीव भांड्यात पडला. त्याच रात्री तिने आईला फोन करून ही बातमी तीनदा सांगितली.

पण मग एकामागून एक संध्याकाळ जाऊ लागली आणि फोन काही वाजेना.

मंगळवारी सगळं हिरवं. बुधवारीही. नीलम दिवेलागणीला फोन हातात धरून बसायची आणि गल्ली आपली ठणठणीत. तिला जायला कारणच उरलं नव्हतं. त्या दिवशी सगळं अंबुबाईच बोलल्या होत्या. रविराज काही बोलला नव्हता, आणि तिने त्याची माफीही मागितली नव्हती. त्याला राग आला असेल का? आला असेल तर तो कुठल्या रंगाच्या दिव्याने कळणार होता?

शनिवारी तिने बॅग घेतली नाही, लॅपटॉप घेतला नाही. नुसती किल्ली घेतली आणि निघाली.

शेडमध्ये चारही माग धडधडत होते. रविराज पाठमोरा होता. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला.

"काय बिघडलं?" तो खडखडाटावरून ओरडला.

"काही नाही!"

"मग?"

"मग… आले!"

"काय?"

"आले म्हटलं! माझं चुकलं! तुमच्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता!"

त्याने केसांतून भराभर हात फिरवला. तूस निघालं नाही, उलट कपाळावर आलं. "मला काय वाटलं सांगू?" तो ओरडला. "तुम्ही बेंगळूरूला गेला असता, तर मी पण आलो असतो बघा. माग सोडून काय करणार होतो, ते म्हाईत न्हाय. पण आलो असतो!"

"निपाणीला याल?"

"कुठं?"

"निपाणीला! उद्या! बाबांना भेटायला!"

"येतो की! पण काय म्हणून येऊ?"

नीलमने श्वास घेतला. मागांच्या आवाजावर मात करायची म्हणजे पोटातून ओरडायला हवं होतं, आणि तिने ते तसंच, जीव तोडून केलं. नेमकी त्याच क्षणी वडगावची वीज गेली. चारही माग, शेजारचे माग, पलीकडच्या बोळातले माग एका दमात गप्प झाले, आणि त्या शांततेत तिचा आवाज एकटाच पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"माझा म्हणून ये!"

शेडमध्ये फक्त बाहेरचा उजेड होता. तोंडावर हात ठेवायचं नीलमच्या मनात आलं, पण तिने हात खालीच ठेवले. रविराज तिच्याकडे बघत होता.

भिंतीपलीकडून परशरामअण्णांचा आवाज आला.

"अरं, येतो म्हण की रं! आम्ही सगळी खोळंबलोय!"

"येतो," रविराज म्हणाला. आता ओरडायची काही गरज नव्हती, तरी तो पुन्हा एकदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, मोठ्याने म्हणाला, "येतो, नीलम!"